वाहनकर भरला, इंधनावर उपकर दिला, मग टोल कशासाठी?

सह्याद्रीवासी (प्रश्न)

नमस्कार. साडेनऊ लाखांची पेट्रोल गाडी नोंदवताना एकरकमी वाहनकर म्हणून किमतीच्या ११ टक्के, म्हणजे लाखाहून थोडी अधिक रक्कम मी भरली. त्यानंतर पंपावर घेतलेल्या प्रत्येक लिटरमागे केंद्राचे उत्पादन शुल्क आणि राज्याचा मूल्यवर्धित कर जातो. त्यातल्या केंद्राच्या शुल्काचा एक हिस्सा तर ‘रस्ते व पायाभूत सुविधा उपकर’ याच नावाने घेतला जातो. एवढे सगळे भरून झाल्यावर महामार्गावर नाक्यागणिक फास्टॅगमधून टोल वळता होतो. रस्ता एकच आणि त्याच्यासाठी पैसे मात्र तीनदा, असे वाटणारा मी एकटा नसावा.

टोलवर राग काढण्यासाठी हा धागा काढलेला नाही. तो राग दर निवडणुकीत सगळेच पक्ष आपल्या वतीने काढत असतात. मला यामागचा हिशेब समजून घ्यायचा आहे. वाहनकर हा रस्त्यासाठीच घेतलेला कर असेल, तर त्यातून रस्ता का होत नाही? तो रस्त्यासाठी नसेल, तर मग तो नेमका कशाचा कर आहे? इंधनावरचा उपकर रस्त्यांवरच खर्च करण्याचे बंधन सरकारवर आहे की नाही?

दुसरी गोष्ट माझ्या रोजच्या अनुभवातली आहे. आमच्या भागातून जाणाऱ्या महामार्गावर एका पुलाचे काम बराच काळ रखडलेले असून सगळी वाहतूक अरुंद सेवारस्त्याने वळवलेली आहे. पावसाळ्यात त्या सेवारस्त्याची काय अवस्था होते ते सांगायला नको. टोल मात्र पूर्ण दराने चालू आहे. एकदा नाक्यावरच्या कर्मचाऱ्याला याविषयी विचारले, तेव्हा त्याने शांतपणे सांगितले, “साहेब, आमच्याकडे फक्त वसुली. रस्त्याचा ठेकेदार वेगळा, देखभालीचा वेगळा.” तो खोटे बोलत नव्हता, हे नंतर चौकशी केल्यावर कळले. पण पैसे घेणारा एक आणि रस्त्याला जबाबदार दुसरा, ही रचना कायद्याला मान्य कशी होते?

ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांना टोलमाफी मिळाली. ती कोणत्या तत्त्वावर मिळाली आणि तेच तत्त्व उरलेल्या महाराष्ट्राला का लागू होत नाही, हेही कोणी सांगितले तर बरे होईल.

जमाखर्च

आपण एक गोष्ट धरून चालला आहात, ती आधी बाजूला करू. तिन्ही रकमा एकाच सरकारकडे, एकाच तिजोरीत आणि एकाच कामासाठी जातात, असे आपण मानता. प्रत्यक्षात त्यांच्या वाटा घेतल्या क्षणापासूनच वेगळ्या होतात.

वाहनकर हा राज्याचा कर आहे. घटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत वाहनांवरील कर ५७ व्या नोंदीत आहे आणि टोल ५९ व्या नोंदीत स्वतंत्रपणे दिलेला आहे. राष्ट्रीय महामार्ग मात्र केंद्रसूचीच्या २३ व्या नोंदीत आहेत. आपण आरटीओत भरलेले लाखभर रुपये १९५८ च्या राज्य कायद्याखाली वसूल झाले आणि राज्याच्या एकत्रित निधीत जमा झाले. तिथे गेल्यावर त्या रुपयाची ओळख पुसली जाते. तो शिक्षकाच्या पगारात जाईल, निवृत्तिवेतनात जाईल, कर्जाच्या व्याजात जाईल किंवा एखाद्या जिल्हामार्गावर डांबर म्हणून पडेल. कायद्याने त्याच्या पायात कोणतीही बेडी घातलेली नाही. आपण ज्या महामार्गावर टोल भरता तो केंद्राचा आहे, त्यामुळे आपल्या वाहनकरातला एकही रुपया त्या रस्त्यावर खर्च करायला राज्य बांधील नाही.

इंधनावरच्या उपकराची गोष्ट अधिक जुनी आहे आणि तिचा संबंध एका मराठी माणसाशी आहे. १९२७ मध्ये बॅरिस्टर मुकुंद रामराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली रस्तेविकास समिती नेमली गेली. मोटारी वाढल्या होत्या, रस्त्यांचा भार प्रांतांच्या आणि जिल्हा मंडळांच्या आवाक्याबाहेर गेला होता. जो पेट्रोल जाळतो त्याच्याकडूनच रस्त्याचे पैसे घ्यावेत आणि ते वेगळे ठेवावेत, असा समितीचा सरळ विचार होता. त्यानुसार १९२९ मध्ये पेट्रोलवर गॅलनमागे दोन आण्यांचा जादा आकार बसला आणि मध्यवर्ती रस्ते निधी सुरू झाला. पुढे २००० मध्ये या निधीसाठी स्वतंत्र कायदा झाला, आणि २०१८ मध्ये त्याच कायद्याच्या नावात ‘पायाभूत सुविधा’ हे शब्द घालण्यात आले.

माझ्या मते खरी मेख इथे आहे. २०१८ च्या दुरुस्तीने निधीचे दार रेल्वे, बंदरे, पाणीपुरवठा, ऊर्जा, इतकेच काय, शाळा-रुग्णालयांसारख्या सामाजिक सुविधांसाठीही उघडले. या गोष्टी गरजेच्या नाहीत असे कोण म्हणेल? परंतु ‘रस्त्यासाठी म्हणून घेतलेला पैसा रस्त्यावर’ हे जयकरांच्या काळापासूनचे नाते त्या दिवशी सैल झाले आणि त्याची चर्चा फारशी झालीच नाही.

आता आकडे पाहू. एप्रिल २०२५ मध्ये झालेल्या वाढीनंतर पेट्रोलवरील केंद्राचे शुल्क लिटरला २१ रुपये ९० पैसे झाले. त्यात मूळ उत्पादन शुल्क केवळ १ रुपया ४० पैसे, विशेष अतिरिक्त शुल्क १३ रुपये, कृषी उपकर अडीच रुपये आणि रस्ते उपकर ५ रुपये. राज्यांना वाटा मिळतो तो फक्त मूळ शुल्कात. उपकर आणि अधिभार वाटपाबाहेर असतात. मार्च २०२६ पर्यंत लागू असलेल्या पंधराव्या वित्त आयोगाच्या सूत्राने १ रुपया ४० पैशांचे ४१ टक्के म्हणजे सर्व राज्यांना मिळून सुमारे ५७ पैसे, आणि त्यात महाराष्ट्राचा हिस्सा ६.३१७ टक्के. आपण जाळलेल्या एका लिटरमागे केंद्राच्या जवळपास बावीस रुपयांतून वाटपाने महाराष्ट्राकडे परत येत होते ते साडेतीन-पावणेचार पैसे. एवढ्यावर भागत नाही म्हणून राज्य आपला स्वतंत्र कर आणि त्यावर अधिभार लावते. २०१५ च्या दुष्काळात पेट्रोल-डिझेलवर दोन रुपयांचा अधिभार बसला होता. दुष्काळ सरला तरी इंधनावरचे ओझे त्या प्रमाणात उतरल्याचे कोणाला आठवत असेल तर जरूर सांगावे.

रस्ते उपकराचे ते पाच रुपये घेऊन आपली गाडी साधारण पंधरा किलोमीटर चालते, म्हणजे किलोमीटरला ३३ पैसे. राष्ट्रीय महामार्गावरचा मोटारीचा मूळ टोलदर २००८ च्या नियमांत ६५ पैसे होता. तो दरवर्षी ३ टक्के आणि वर घाऊक किंमत निर्देशांकातील वाढीच्या ४० टक्के असा वाढत आज रुपयाच्या बराच पुढे गेला आहे. समृद्धी महामार्गावर तर एप्रिल २०२५ पासून मोटारीला किलोमीटरमागे २ रुपये ६ पैसे लागू लागले. उपकराचा सगळा पैसा इमानदारीने महामार्गांवर ओतला तरी सहापदरी रस्त्याचे भांडवल त्यातून निघणार नाही. ‘तीनदा पैसे’ ही तक्रार भावनेच्या पातळीवर पटते, पण हिशेबाच्या पातळीवर ती जेमतेम अर्धी टिकते.

न्यायपंथी

जमाखर्च यांनी तिजोरीची बाजू मांडली आहे. कायद्याच्या बाजूने पाहिले तर सह्याद्रीवासी यांचा पहिला प्रश्न दिसतो तितका भाबडा नाही, कारण सर्वोच्च न्यायालयालाही त्यावर अनेकदा विचार करावा लागला आहे.

१९६२ मध्ये राजस्थानातील मोटार वाहतूकदारांच्या प्रकरणात न्यायालयाने असे धरले की वाहनकर हा रस्ता वापरल्याची भरपाई म्हणून घेतलेला कर आहे, म्हणून त्याने व्यापाराच्या स्वातंत्र्याला बाध येत नाही. या भूमिकेचा राज्यांना फायदा झाला, पण त्यातच नागरिकांच्या हाती एक युक्तिवादही आला: भरपाई म्हणून घेता, तर तेवढी सोय दाखवा. पुढची अनेक दशके त्या सिद्धान्तावर खटले चालले आणि अखेर २०१६ मध्ये जिंदाल स्टेनलेस प्रकरणात नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने ‘भरपाईकर’ ही कल्पनाच घटनेत बसत नाही म्हणून बाजूला ठेवली. गंमत अशी, की ऑगस्ट २०२५ मध्ये विशाखापट्टणमच्या पोलाद कारखान्याच्या बंदिस्त आवारातच वापरल्या जाणाऱ्या वाहनांवर कर लागू शकतो का, हा प्रश्न आला तेव्हा न्यायालयाने पुन्हा सांगितले की वाहनकर भरपाईच्या स्वरूपाचा असून सार्वजनिक रस्ता वापरलाच जात नसेल तर तो लागू होणार नाही. सार्वजनिक रस्त्याशी वाहनकराची नाळ आहे, पण ती कर कोणावर बसतो हे ठरवण्यापुरती. जमा झालेला पैसा कुठे खर्च करावा, हे त्यावरून ठरत नाही.

टोलचे स्वरूप वेगळे आहे. राष्ट्रीय महामार्गाच्या नियमांत त्याला ‘फी’ म्हटले आहे. करासाठी मोबदल्याचे वचन लागत नाही, पण फीच्या मुळाशी सेवा असावी लागते. म्हणून आपल्या रखडलेल्या पुलाच्या तक्रारीला टोलच्या बाबतीत खरे कायदेशीर बळ आहे, आणि तेच बळ वाहनकराच्या बाबतीत नाही. केरळातील एडप्पल्ली–मन्नुत्ती हा राष्ट्रीय महामार्ग ५४४ चा सुमारे ६५ किलोमीटरचा टप्पा याचे ताजे उदाहरण आहे. तिथेही भुयारी मार्गांची आणि पुलांची कामे अर्धवट, सेवारस्ते उखडलेले आणि तासन्‌तास कोंडी अशी परिस्थिती होती. ऑगस्ट २०२५ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने पालियेक्करा येथील टोलवसुली स्थगित केली. महामार्ग प्राधिकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि तिथेही त्यांना दाद मिळाली नाही; खड्ड्यांतून आणि कोंडीतून वाट काढण्यासाठी नागरिकांना आणखी पैसे मोजायला लावू नयेत, असाच त्या निकालाचा रोख होता. पुढे ऑक्टोबरमध्ये वसुली पुन्हा सुरू करण्यास परवानगी मिळाली हे खरे, पण तोपर्यंत रस्त्याच्या दुरुस्तीसाठी यंत्रणा हलली होती.

वसुली करणारा वेगळा आणि रस्ता सांभाळणारा वेगळा, ही रचना कायद्याला चालते, कारण दोघेही प्राधिकरणाचे कंत्राटदार आहेत आणि आपला संबंध प्राधिकरणाशी आहे. नाक्यावरच्या माणसाने दिलेले उत्तर त्याच्यापुरते बरोबर होते; तेच उत्तर प्राधिकरणाने दिले तर मात्र ते न्यायालयात टिकणार नाही.

सह्याद्रीवासी

दोघांचेही आभार. आता प्रश्न थोडा नेमका झाला. टोल ही सेवेची फी आहे आणि ती भांडवल वसूल करण्यासाठी आहे, हे मान्य केले, तर भांडवल वसूल झाल्यावर ती थांबते का? आमच्याकडे ‘पैसे केव्हाच फिटले’ असे प्रत्येक चहाच्या टपरीवर ऐकायला मिळते, पण कागद कोणी दाखवत नाही.

जमाखर्च

राष्ट्रीय महामार्गांपुरते बोलायचे तर पूर्वी उत्तर ‘थांबत नाही, पण कमी होते’ असे होते. २००८ च्या नियमांत भांडवल वसूल झाल्यावर किंवा खासगी कंपनीच्या वसुलीहक्काची मुदत संपल्यावर टोल ४० टक्क्यांवर आणण्याची तरतूद होती. ऑक्टोबर २०२३ मध्ये नियम बदलून ती काढून टाकण्यात आली. आता मुदत संपली तरी वसुली पूर्ण दराने चालू राहू शकते, फक्त ती कंपनीऐवजी सरकारच्या खात्यात जाते. त्यावर सरकारी बाजूचे म्हणणे असे की एका रस्त्याचे पैसे फिटले तरी देशभरच्या जाळ्याचे फिटलेले नाहीत, देखभाल आणि रुंदीकरण तर चालूच असते. हे म्हणणे अगदीच निराधार नाही. पण मग ती फी त्या विशिष्ट रस्त्याची राहत नाही आणि न्यायपंथी यांनी सांगितलेला कर आणि फी यांच्यातला फरक धूसर होतो. माझा आक्षेप टोल असण्याला नाही, या दुरुस्तीला आहे. टपरीवर ज्या रागाने ‘पैसे फिटले’ म्हटले जाते, त्यातला थोडा राग तरी या एका नियमबदलावर खर्च झाला असता तर बरे झाले असते.

राज्याच्या रस्त्यांवर करारागणिक वेगळी कथा आहे. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गाचे उदाहरण घ्या. २००४ मध्ये वसुलीचे हक्क देताना राज्य रस्ते विकास महामंडळाने ९१८ कोटी रुपये एकरकमी घेतले आणि पंधरा वर्षे वसुली कंपनीकडे गेली. ती मुदत २०१९ मध्ये संपली तेव्हा टोल संपला नाही. २०२० मध्ये २०३० पर्यंतचे हक्क ८,२६२ कोटींना पुन्हा दिले गेले. त्या पैशातून दुसरी कामे उभी राहतात, हे खरे. परंतु २००२ मध्ये पूर्ण झालेल्या रस्त्यावरून जाणारा माणूस त्यामुळे त्याच रस्त्याचे पैसे देत नसून पुढच्या प्रकल्पांचे भांडवल उभे करून देत असतो, हे त्याला कोणी सांगत नाही.

मुंबईच्या माफीमागे मला तरी कोणतेही तत्त्व दिसत नाही. दहिसर, मुलुंड, ऐरोली, आनंदनगर आणि वाशी हे पाच नाके मुंबईतील ५५ उड्डाणपुलांचा खर्च भरून काढण्यासाठी उभे राहिले होते. १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून हलक्या वाहनांना माफी मिळाली आणि दुसऱ्याच दिवशी विधानसभा निवडणूक जाहीर झाली. करार संपलेला नव्हता, त्यामुळे नुकसानभरपाईचे दायित्व राज्यावर आले. कोल्हापुरातही शेवट तसाच झाला. शहरांतर्गत सुमारे ५० किलोमीटर रस्त्यांवरच्या टोलविरुद्ध एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे यांच्यासारख्यांच्या नेतृत्वाखाली दीर्घ आंदोलन झाले, टोल गेला, आणि कंपनीचे पैसे सरकारने भागवले. २०१५ मध्ये राज्यातले १२ नाके बंद झाले आणि ५३ नाक्यांवर मोटारी व एसटीला सूट मिळाली, तेव्हाही हाच मार्ग होता. कोल्हापूरकरांचे आंदोलन मला योग्यच वाटते, कारण पर्यायी रस्ता नसलेल्या शहराच्या पोटात टोल बसवणे मुळातच चूक होते. पण टोल रद्द होतो तेव्हा देणे रद्द होत नाही. ते एकत्रित निधीवर जाते आणि ज्याच्याकडे सायकलही नाही त्याच्या वाट्यालाही येते.

चाकजोड

मी आयुष्यभर मालवाहू आणि प्रवासी गाड्यांच्या देखभालीत काम केले आहे, त्यामुळे या चर्चेतली मोटारगाडी थोडी बाजूला करून अवजड वाहनाकडे पाहावे अशी विनंती आहे.

रस्ता झिजवतो कोण? १९५८ ते १९६० दरम्यान अमेरिकेतील इलिनॉय राज्यात मुद्दाम रस्ते बांधून त्यांवर दिवसरात्र ट्रक फिरवण्यात आले. त्या प्रयोगातून निघालेला निष्कर्ष आजही रस्त्यांच्या आखणीत वापरला जातो: आसावरचा (ॲक्सलवरचा) भार वाढला की रस्त्याची हानी साधारण त्या भाराच्या चौथ्या घाताने वाढते. भार दुप्पट झाला तर हानी सोळापट. या हिशेबाने मोटारीने रस्त्याला होणारी इजा जवळजवळ नगण्य ठरते. टोलचा मूळ दर मात्र मोटारीला ६५ पैसे आणि दोन आसांच्या ट्रकला किंवा बसला २ रुपये २० पैसे, म्हणजे सुमारे साडेतीनपट. झिजेच्या प्रमाणात टोल लावायचा ठरवला तर मोटारीला फुकट सोडावे लागेल आणि ट्रकचे दिवाळे निघेल. तसे कोणी करणार नाही, आणि करूही नये, कारण ट्रकचा टोल शेवटी कांद्याच्या आणि सिमेंटच्या भावात येतो.

परंतु सरकारने २०१८ च्या जुलैमध्ये जे केले त्याचा हिशेब कोणी मागत नाही. चार टायरच्या एकेरी आसाची कायदेशीर मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टनांवर नेण्यात आली. कागदावर ही वाढ पावणेतेरा टक्क्यांची आहे. चौथ्या घाताने पाहिली तर पूर्ण भरलेल्या एका आसामागे हानी सुमारे ६० टक्क्यांनी वाढते. आधीचे रस्ते जुन्या मर्यादेचा विचार करून बांधलेले होते. वाहतूकदारांचा खर्च वाचला, ते ठीक. पण तो खर्च नाहीसा झाला नाही, तो डांबराच्या थरात गेला. मग खड्डे पडले की ठेकेदाराला शिव्या बसतात, ज्या त्याला बहुतेक वेळा बसायलाच हव्यात, पण आसाच्या भाराबद्दल कोणी बोलत नाही.

दुसरा मुद्दा एसटीचा. एसटी डिझेलवरचे कर भरते, राष्ट्रीय महामार्गावर टोल भरते, आणि वर प्रवासी भाड्यावर साडेसतरा टक्के प्रवासी कर राज्याला देते. एका बसमध्ये चाळीस-पन्नास माणसे जातात तेव्हा रस्त्यावरची तितकी जागा वाचते, प्रदूषण कमी होते, आणि तरीही तिकीट काढणारा माणूस स्वतःच्या मोटारीतून जाणाऱ्यापेक्षा भाड्याच्या प्रमाणात अधिक कर देतो. सवलतींची भरपाई म्हणून सरकार एका हाताने महामंडळाला पैसे देते आणि प्रवासी कर म्हणून दुसऱ्या हाताने परत घेते. एकीकडे ५ जूनचा पर्यावरण दिन उजाडला की वीजवाहनांच्या सवलतींवर परिसंवाद होतात आणि दुसरीकडे लाल बसच्या तिकिटावरचा साडेसतरा टक्के तसाच राहतो. माझ्या दृष्टीने या राज्याच्या वाहतूक करधोरणातली सर्वांत अन्यायाची ओळ हीच आहे, आणि मोटारवाल्यांच्या टोलचर्चेत ती कधीच येत नाही.

रत्नागिरीकर

टोल फक्त रस्त्यावर असतो असे समजणाऱ्यांनी एकदा कोकण रेल्वेचे तिकीट नीट पाहावे. १९९० मध्ये स्वतंत्र महामंडळ काढून, केंद्राबरोबर महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक आणि केरळ यांचे भांडवल घेऊन आणि बाजारातून रोखे उभारून ही लाइन बांधली गेली. जॉर्ज फर्नांडिस आणि मधु दंडवते यांनी ती मनावर घेतली नसती तर आम्ही आजही घाटांतच असतो, त्यामुळे कृतज्ञता आहेच. पण कर्ज फेडायचे म्हणून प्रवासी भाडे आकारताना अंतर ४० टक्के वाढवून धरण्याची पद्धत आली. रोहा ते ठोकूर प्रत्यक्ष ७४१ किलोमीटर, भाड्यापुरते १,०३७. ही लाइन १९९८ मध्ये संपूर्ण खुली झाली. तेव्हापासून जन्मलेली एक पिढी नोकरीला लागली, पण तिच्या तिकिटातले न धावलेले किलोमीटर अजून फिटलेले नाहीत. नाका नाही, फलक नाही, म्हणून आंदोलनही नाही.

शेजारच्या मुंबई–गोवा महामार्गाचे रुंदीकरण पनवेल–इंदापूर टप्प्यात २०११ मध्ये सुरू झाले आणि त्याची पुढची कथा सांगून मी कोणाचा गणपती खराब करू इच्छित नाही. एवढेच म्हणतो, की रस्ता रखडला तेव्हा रेल्वेवरचा भार वाढला, आणि जादा अंतराचे पैसे भरणाऱ्या त्या लाइनचा बराचसा भाग मात्र एकेरीच राहिला.

चाकजोड यांच्या आसाच्या गणिताला उत्तर कोकणातच आहे. १९९९ पासून कोलाड–वेर्णा दरम्यान भरलेले ट्रक रेल्वेच्या सपाट वाघिणींवर चढवून नेले जातात. ट्रक रस्त्यावर नाही म्हणजे झीज नाही, डिझेल नाही, घाटातली कोंडी नाही. २०२५ च्या गणपतीत मोटारींसाठीही तशी सेवा सुरू झाली, पण एका गाडीचे भाडे ७,८७५ रुपये. त्यात माणसांच्या तिकिटांची भर घालून कोण जाणार? रस्त्याचा एवढा खर्च वाचतो तर त्यातला काही भाग या भाड्यात सूट म्हणून का देता येत नाही, असे विचारले की एक खाते म्हणते आम्ही रस्तेवाले, दुसरे म्हणते आम्ही रेल्वेवाले. जमाखर्च यांनी सांगितलेला २०१८ चा बदल पैसा रस्त्यावरून रेल्वेकडे नेण्यासाठी असेल, तर मी त्याच्या विरोधात नाही. तो कोलाडच्या धक्क्यापर्यंत पोचला तर माझी काहीच तक्रार राहणार नाही.

न्यायपंथी

रत्नागिरीकर, आपला शेवटचा मुद्दा पुढच्या दहा वर्षांत सर्वांनाच भिडणार आहे. वीजवाहनांना राज्यात वाहनकरात सूट आहे, ऑगस्ट २०२५ पासून द्रुतगती मार्ग, अटल सेतू आणि समृद्धीवर टोलही माफ आहे, आणि ती पेट्रोल जाळत नसल्यामुळे उपकराचा प्रश्नच येत नाही. तिन्ही वाटा बंद. ही वाहने थोडी आहेत तोवर हे प्रोत्साहन म्हणून चालेल. ती वाढली की इंधनकर आटणार आणि सरकारकडे अंतरानुसार आकारणीखेरीज फारसा पर्याय उरणार नाही. म्हणून टोल हटवा म्हणण्यापेक्षा त्याच्या अटी आताच कायद्यात पक्क्या करून घेणे शहाणपणाचे, असे मला वाटते.

जमाखर्च

सह्याद्रीवासी यांच्यासाठी दोन व्यवहारी गोष्टी.

आपला नाका राष्ट्रीय महामार्गावर असेल तर महामार्ग प्राधिकरणाच्या टोल माहिती संकेतस्थळावर नाक्यागणिक प्रकल्पाचा भांडवली खर्च, आजवरची वसुली आणि वसुलीहक्काची मुदत दिलेली असते. तिथले आकडे घेऊन मगच माहिती अधिकाराचा अर्ज करावा, म्हणजे ‘माहिती संकेतस्थळावर उपलब्ध आहे’ या उत्तराने तो परत येणार नाही. अर्जात किती वसूल झाले हे विचारू नये. रखडलेल्या कामाची मूळ मुदत कोणती होती, किती वेळा आणि कोणत्या कारणाने ती वाढवली, आणि ठेकेदाराला दंड किती झाला, हे विचारावे. न्यायालयात जायची वेळ आली तर उपयोगी पडतात ते हेच कागद.

आणि आपण नाक्यापासून २० किलोमीटरच्या आत राहत असाल तर ऑगस्ट २०२५ मध्ये तीन हजारांना सुरू झालेला वार्षिक पास घाईने घेऊ नका. तो २०० फेऱ्यांचा आहे आणि नाका ओलांडला की एक फेरी मोजली जाते; रोज जाऊन येणाऱ्याचा तो चार महिन्यांत संपतो. स्थानिकांचा मासिक पास साडेतीनशे रुपयांच्या आसपास आहे आणि त्याला फेऱ्यांची मर्यादा नाही. राहत्या पत्त्याचा पुरावा आणि गाडीचे नोंदणीपत्र घेऊन नाक्यावरच्या कार्यालयात गेलात तर तो मिळतो, फक्त तो मागावा लागतो. वार्षिक पास बाहेरगावच्या प्रवासासाठी चांगला आहे, परंतु द्रुतगती मार्ग आणि समृद्धी हे राज्याचे असल्याने तिथे तो चालत नाही.